कोमट पाण्यातल्या अकरा कुप्या

काकांच्या कपाटातल्या अकराच्या अकरा लाकडी कुप्या मी एका रविवारी सकाळी भांड्यांच्या साबणाने धुतल्या. कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने, अगदी मन लावून. मला कोणी सांगितलं नव्हतं. काका आणि मावशी चार दिवस लेकीकडे गेले होते, घर माझ्या ताब्यात होतं, आणि रिकामा माणूस किती उपद्व्यापी होऊ शकतो याचा त्या दोघांना अंदाज नव्हता. खरं तर मलाही नव्हता.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की मी फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना लाकूड कसं ओळखावं, कसं जपावं यावर व्याख्यानं देतो. ती व्याख्यानं मालकाने एका कागदावर टाइप करून दिलेली आहेत आणि त्यापलीकडे लाकडातलं मला काही कळत नाही, ही गोष्ट मी हळूहळू विसरत चाललो होतो. कपाटातल्या कुप्यांच्या नक्षीत काळा मळ साचलेला दिसला आणि माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. वाटलं, काका परत येतील, कुप्या लखलखताना बघतील, आणि मावशीला म्हणतील, "बघ, पोरगं कामाचं आहे हो तुझं."

आता या कुप्या म्हणजे काय ते सांगायला हवं. चीनमध्ये पूर्वी लोक तपकीर डबीत न ठेवता छोट्या कुपीत ठेवत. बोटभर उंचीची, मुठीत मावणारी बाटली. वर बूच, बुचाला खाली कॉर्क, आणि कॉर्कमधून आत लोंबणारा काडीसारखा बारीक चमचा. चमच्याने चिमूटभर तपकीर नखावर घ्यायची आणि नाकात ओढायची. अशा कुप्या काचेच्या असतात, दगडाच्या असतात, चिनी मातीच्या असतात, आणि जमवणारे लोक त्यांच्यामागे वेडे असतात. लाकडाच्या कुप्यांकडे त्यातले फारसे कोणी वळत नाहीत. काकांनी जमवल्या त्या फक्त लाकडाच्या.

"काचेची कुपी डोळ्यांसाठी," असं ते म्हणायचे. "लाकडाची हातासाठी. मी डोळ्यांचा माणूस नाही."

ते हाताचेच माणूस. काका कवळ्या बनवतात. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओततात, मेणावर एकेक दात बसवतात, घासतात, पुन्हा घासतात. चाळीस वर्षं हेच. आता मशीनवर कवळ्या निघायला लागल्या आहेत, तरी तीन म्हातारे डॉक्टर अजून काकांकडेच काम पाठवतात, कारण त्यांचे पेशंटही म्हातारे आहेत आणि त्यांना काकांच्या कवळीखेरीज दुसरी टोचते. खोलीत शिरलं की फळीवर वीस-पंचवीस जबडे ओळीने आ वासून बसलेले दिसतात. पहिल्यांदा आलो तेव्हा मी दचकलो होतो. काका म्हणाले, "घाबरू नकोस, यातलं कोणी चावत नाही. चावता येत नाही म्हणूनच इथे आलेत."

पहिली कुपी त्यांना अशीच कामातून मिळाली. एक जुनं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून त्यांनी बारीक कानशी आणि घासायच्या टोकांनी भरलेला डबा आणला. डब्यात एक कोरलेला लाकडी दांडा होता, तो कुठल्या हत्याराचा ते कळेना. दोन दिवस त्याला हत्यार शोधत बसले. तिसऱ्या दिवशी तो सहज फिरवला आणि टोक निघून हातात आलं, त्याला चमचा लटकलेला. काका म्हणतात, "इतका लहान चमचा माझ्याकडेही नव्हता. मला वाटलं, हा माझ्यापेक्षा बारीक काम करणारा कुणीतरी होता, आपण त्याची ओळख करून घेऊ." ती ओळख पस्तीस वर्षं चालली आणि अकरा कुप्यांपर्यंत पोचली. जुन्या वस्तूंच्या दुकानदारांशी पत्रं, मग फोन, मग कुणाच्या तरी मुलाकडून इंटरनेटवर शोध. अकरापैकी किती खऱ्या जुन्या, असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगत, "सात. दोघींबद्दल वाद आहे. दोन चक्क चोर आहेत, पण गोड चोर आहेत, हाकलवत नाही."

मावशीला या सगळ्याचं कौतुक अजिबात नव्हतं. "स्वतः आयुष्यात तपकीर ओढली नाही," ती म्हणायची. "एकदा ओढून बघितली तर दीड तास शिंकत होते. टकल्याने कंगवे जमवावेत तसं चाललंय."

"अगं, टकल्यालाच कंगव्याची किंमत कळते."

प्रत्येक कुपीला नाव होतं. एकीवर कमळाच्या पानावर बसलेला बेडूक होता, ती बेडकी. एकीवर गळ टाकून बसलेला म्हातारा होता, ती पेन्शनर. एक भोपळ्याच्या घाटाची, पोटाशी गोल, तिला काका, मावशी ऐकत नसताना, 'घरची' म्हणायचे. मावशीला ते पस्तीस वर्षं माहीत होतं.

आणि रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी काका एक गोष्ट करायचे. कपाट उघडायचे, डोळे मिटायचे आणि हाताला येईल ती कुपी उचलायची. बोटं फिरवून नाव सांगायचं. मग एका हाताने बूच काढायचं आणि त्याच हाताने परत बसवायचं, आवाज न होता. बूच गुपचूप बसलं की हात ठीक आहे, मग खुशाल मेण तापवायचं. खुट असं वाजलं तर त्या दिवशी फक्त प्लास्टर ओतायचं, दात बसवायचे नाहीत. मी राहायला आल्यापासून दोन वर्षांत असं खुट दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना ताप होता.

रविवारी मी कुप्या धुतल्या, फडक्यावर पालथ्या घातल्या, खिडकीत वाळवल्या, आणि सोमवारी संध्याकाळी बुचं लावून होत्या तशा मांडून ठेवल्या. दोन-तीन बुचं नीट जात नव्हती, ती जरा दाबून बसवली. मला वाटलं होतं तशा त्या काही लखलखल्या नव्हत्या. उलट थोड्या भुरकट दिसत होत्या. म्हटलं, स्वच्छ लाकूड असंच दिसत असेल.

मंगळवारी दोघं परत आले. बुधवारी सकाळी मी मुद्दाम शोरूमला उशीर केला आणि चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, शाबासकी घ्यायला. काकांनी डोळे मिटले, कुपी उचलली, बोटं फिरवली.

"पेन्शनर," ते म्हणाले आणि डोळे उघडले.

हातात बेडकी होती.

ते जरा हसले. ती ठेवून दुसरी उचलली, पुन्हा डोळे मिटले. या वेळी बराच वेळ बोटं फिरवत राहिले आणि नाव घेतलंच नाही. बूच काढलं, परत बसवायला गेले. ते आधी तिरकं गेलं, मग अडकलं, मग खुट वाजलं. तिसरीचं बूच हातातून निसटून टेबलावर पडलं.

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, वाक्य जिभेवर होतं. पण काका खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "वडिलांचे अडुसष्टाव्या वर्षी गेले होते. माझं चालू आहे अडुसष्टावं."

"काय गेले होते?" मी विचारलं.

"हात."

'नाही हो काका, मी त्यांना अंघोळ घातली,' हे वाक्य त्या खोलीत फार पोरकट वाटलं असतं. मी चहा संपवला आणि शोरूमला गेलो. मनात म्हटलं, कुप्या पुरत्या वाळल्या की आपोआप ठीक होतील, संध्याकाळी सांगू.

संध्याकाळी मावशीचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. कबुलीचं असं असतं, पहिल्या दिवशी ती दोन वाक्यांत होते, चौथ्या दिवशी तिला प्रस्तावना लागते, आणि दोन आठवड्यांनी आधी 'इतके दिवस का बोलला नाहीस' याचं उत्तर तयार करावं लागतं. मी रोज उत्तर तयार करत होतो आणि काका रोज कपाट उघडत होते. रोज खुट. पाचव्या दिवशी ते कुपी खिडकीपाशी धरून म्हणाले, "रंगही फिके दिसायला लागलेत मला." म्हणजे हातांबरोबर डोळ्यांचाही गुन्हा त्यांच्याच नावावर चढला.

मावशीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोटांना सुया टोचून पाहिल्या, डोळे तपासले आणि वयाच्या मानाने सगळं उत्तम असल्याचं सांगितलं.

"वयाच्या मानाने म्हणाले," काका घरी येऊन मला म्हणाले. "ऐकलंस ना? लोक वाईट बातमी अशीच गुंडाळून देतात."

त्यांनी दात बसवायचं काम बंद केलं. फळीवर त्या वेळी एकच अर्धवट कवळी होती, आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईंची. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घरात त्या आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण. बहिणीची दृष्टी गेलेली, म्हणून बाई तिला रोज दुपारी दोन तास पुस्तक वाचून दाखवत. जुनी कवळी मोरीत पडून फुटली तेव्हापासून वाचन बंद होतं. बाई दर चार दिवसांनी तोंडासमोर रुमाल धरून दाराशी यायच्या.

"झाली का हो?" रुमालाआडून फुसफुस आवाज.

"अजून नाही झाली," मी सांगायचो. "काकांना जरा बरं नाही."

"घाई नाही. त्यांना म्हणावं, सावकाश. फक्त ताई हसते माझ्या वाचण्याला, म्हणून. सगळे 'स' पळून गेलेत माझे."

मी दार लावून घ्यायचो आणि त्या रात्री मऊ भात मलाही गिळवायचा नाही, दात बत्तीसच्या बत्तीस असून.

खरं काय झालं ते मला शोरूमच्या गोदामात कळलं. आमचा पॉलिशवाला, शोरूममध्ये लाकूड कळणारा एकमेव माणूस, एक फळी ओल्या फडक्याने पुसत होता. मी म्हटलं, "पॉलिशच्या आधी पाणी कशाला?"

"लाकडाला पाणी लागलं की त्याचे तंतू उभे राहतात," तो म्हणाला. "अंगावर काटा येतो ना, तसं. मग वाळलं की घासून टाकायचं. हात फिरवून बघा."

मी हात फिरवला. आधी गुळगुळीत असलेली फळी मांजराच्या जिभेसारखी खरखरत होती.

"आणि घासलं नाही तर?"

"तर तशीच राहते. कशाला हो? कोणती वस्तू भिजवली तुम्ही?"

"मी नाही," मी म्हटलं. "एका गिऱ्हाइकाने."

"गाढव असणार," पॉलिशवाला सहज म्हणाला आणि कामाला लागला. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

म्हणजे कुप्या वाळून ठीक होणार नव्हत्या. शंभर वर्षांच्या तळव्यांनी जी कातडी त्यांच्यावर चढवली होती ती मी साबणाने काढली होती. कॉर्क भिजून फुगले आणि वाळून आक्रसले होते, एकही बूच आपल्या मापाचं राहिलं नव्हतं. काकांची बोटं अगदी बरोबर सांगत होती, की ही पेन्शनर नाही, ही बेडकी नाही, या कोणी तरी परक्या आहेत. आणि काका मात्र बोटांनाच खोटं ठरवत होते.

हे कळल्यावरही मी नऊ दिवस गप्प राहिलो. हे नऊ दिवस मला कुठेच लपवता येत नाहीत, म्हणून सांगून टाकतो.

सातव्या आठवड्यात काकांनी घासायचं मशीन आणि सगळी हत्यारं एका तरुण लॅबवाल्याला द्यायचं ठरवलं. तो शनिवारी टेम्पो घेऊन येणार होता. बाईंचं माप आणि अर्धी कवळीही त्याच्याकडेच जाणार होती. शुक्रवारी सकाळी मी बूट घालत होतो तर काकांनी हाक मारली.

"शोरूमवाले, जरा आत या."

मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर अकरा कुप्या ओळीने. शेजारी एक बुटांचं खोकं, त्यात कापूस.

"या तू घेऊन टाक," ते म्हणाले.

"मी कशाला?"

"लेकीला नकोत, तिने सांगितलंय. तुझ्या मावशीकडे दिल्या तर ती त्यांत जिरं-मोहरी भरेल. तुला निदान लाकडातलं कळतं. आणि तुझे हात तरुण आहेत. रोज एक घ्यायची, दहा मिनिटं हातात धरायची. बाकी काही करायचं नाही. तेल नाही, पॉलिश नाही, आणि पाणी तर..." ते थांबले. "ते तुला काय सांगायचं. तुमचा तर धंदाच आहे."

मी खाली बघत होतो. खोक्याच्या तळाशी त्यांनी बारीक अक्षरात अकराही नावं लिहून कागद ठेवला होता. 'घरची'च्या पुढे कंसात लिहिलं होतं, मावशीसमोर नाव घेऊ नये.

"काका, मी त्या धुतल्या."

"काय?"

"तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा. सगळ्या. मळ दिसला म्हणून. तुमचे हात ठीक आहेत काका, लाकूड बिघडलंय. मी बिघडवलंय. तंतू उभे राहतात पाण्याने, ते मलाही नंतर कळलं, पण कळल्यावरही मी..."



काकांनी एक कुपी उचलून नाकाशी धरली. मग एखाद्या डॉक्टरने विचारावं तसं विचारलं, "पाणी गार की गरम?"

"कोमट."

"किती वेळ?"

"अर्धा तास. भिजत घातल्या होत्या."

"साबण?"

"भांड्यांचा."

"चोरांनाही?"

"हो. सगळ्यांना सारखाच."

दारात मावशी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तरीच माझ्या जुन्या टूथब्रशला तपकिरीसारखा वास येत होता. मी म्हटलं, हा मुलगा त्याने करतो तरी काय."

काकांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कुप्या हळूच बाजूला सारल्या. "एक केस दे," ते मावशीला म्हणाले.

"अहो, आता काय भलतंच?"

"दे तर खरा."

मावशीने डोक्यातला एक पांढरा केस उपटून दिला. काकांनी तो माझ्याकडे दिला आणि पाठ फिरवली. "वर्तमानपत्राच्या पानाखाली कुठेही ठेव."

मी ठेवला. ते वळले, डोळे मिटले आणि मधल्या बोटाचं टोक पानावरून फिरवायला लागले. ही परीक्षा त्यांना पहिल्या दिवशीही घेता आली असती. का घेतली नाही, ते त्यांच्या कपाळावरचा घाम बघितल्यावर मला समजलं. बोट एका बातमीवरून सरकत गेलं, परत आलं, थांबलं.

"इथून इथपर्यंत," ते म्हणाले. "वाकडा पडलाय."

मी पान उचललं. तसाच होता.

मग दोन पानांखाली ठेवला. तोही सापडला. तीन पानांखाली सापडला नाही, तेव्हा मावशी म्हणाली, "पुरे. माझेही केस आता वयाच्या मानानेच आहेत."

मला वाटलं होतं काका ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लॅबवाल्याला फोन करून टेम्पो आणू नका म्हणून सांगितलं, त्याच्या चार गोष्टी मुकाट्याने ऐकून घेतल्या, आणि मेण तापत ठेवलं. मी दारातच घोटाळत होतो.

"काका, माफ करा."

"कुप्यांचं म्हणत असशील तर त्या येतील वळणावर," ते पाठमोरेच म्हणाले. "आणखी शंभर वर्षं हाताळल्या की. मी काही बघायला नाही, तूही नाहीस. माझं म्हणत असशील तर मला आत्ता तुझं तोंड बघायचं नाही, ते एक-दोन आठवड्यांनी बघू. पण एक माणूस सात आठवडे तोंडाला रुमाल लावून फिरतोय. कवळी मंगळवारी होईल. ती तू नेऊन द्यायचीस, आणि उशीर का झाला ते तुझ्या तोंडाने सांगायचंस. मला बरं नव्हतं वगैरे नाही. जे झालं ते."

"सांगतो."

"हं."

मंगळवारी कवळी झाली. बाईंनी दार उघडलं, डबी घेतली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा रुमाल नव्हता आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. त्यांनी 'सरस', 'सकस', 'सोसाट्याचा' असे तीन-चार शब्द म्हणून बघितले. आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज आला, "आली का गं माझी वाचणारी?"

"आली, ताई. सगळे 'स' घेऊन आली."

मी घसा साफ केला. म्हटलं, "बाई, उशीर झाला त्याबद्दल एक सांगायचं होतं."

"अहो, उशिराचं काय घेऊन बसलात," बाई म्हणाल्या. "मला कळत का नाही? हात दुखावला असणार त्यांचा. या वयात एवढं बारीक काम करायचं म्हणजे. आणि तुम्ही त्यांना सांभाळता, कामं पोचवता, आजकाल सख्खी मुलं तरी करतात का एवढं? बसा, चहा ठेवते."

मी बसलो. चहा घेतला. आतून बाईंचा वाचण्याचा आवाज यायला लागला, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. मधेच उठून दुसऱ्यांच्या दुपारीत आपली कबुली नेऊन ठेवायची, हे काही मला जमलं नाही.

बाईंना एक दात जरा टोचत होता म्हणून पुढच्या आठवड्यात कवळी आणायला पुन्हा गेलो, काकांनी तो घासून दिल्यावर पुन्हा द्यायला गेलो. दोन्ही वेळा चहा झाला. आता बाई मला गल्लीत लांबूनच हाक मारतात आणि शेजारणीला सांगतात, हाच तो मुलगा. काकांनी अजून काही विचारलेलं नाही. रविवारी कपाट उघडून ते परक्या झालेल्या कुप्यांशी नव्याने ओळख करून घेत होते, डोळे मिटून. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाईंकडे गेला होतास?"

"गेलो होतो."

"बरं," एवढंच म्हणाले आणि बूच बसवलं.

बाईंनी गुरुवारी चार वाजता बोलावलंय, त्यांचं वाचन ऐकायला. जाणार आहे. या वेळी चहाच्या आधी सांगायचं ठरवलंय.